शेतीसह शहराचा आराखडा: मैला कुठे जाणार आणि जमीन कोणाची राहणार?

शेती आणि नागरी वस्ती एकमेकींच्या आधाराने नांदतील अशी शहरे आखण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा गच्चीवरच्या वाफ्यांपाशी, मनोऱ्यांतल्या उभ्या शेतीपाशी किंवा नकाशात भरलेल्या हिरव्या रंगापाशी येऊन थांबते. या विषयावर वाचत आणि आकडेमोड करत गेलो तसे माझे मत बदलत गेले, आणि ते तपासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे. माझ्या मते अशा शहराची आखणी दोन प्रश्नांपासून सुरू व्हायला हवी: शहरातला मैला आणि ओला कचरा शेतापर्यंत परत कसा पोहोचणार, आणि शहर वाढू लागले म्हणजे शेजारच्या शेतजमिनीची जी किंमत वाढते ती कोणाच्या पदरात पडणार. ही दोन उत्तरे आधी ठरलेली नसतील, तर आराखड्यात शेतीसाठी राखलेली जागा वीस-पंचवीस वर्षांत बांधकामाखाली जाते, असे मला दिसते.

जर्मन अर्थतज्ज्ञ योहान हाइनरिख फॉन ट्युनेन यांनी १८२६ मध्ये शहराभोवतीच्या शेतीची कडी कशी पडतात याची मांडणी केली आणि सर्वांत आतल्या कड्यात भाजीपाला व दूध ठेवले. नाशवंत माल जवळच पिकला पाहिजे, हे त्याचे कारण सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण आतल्या कड्यातला शेतकरी शहरातून खत विकत आणतो, म्हणून त्याला जमीन पडीक ठेवावी लागत नाही, हा त्याच मांडणीतला भाग मागे पडला. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये हेच प्रत्यक्षात घडत होते. शहराच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ सहावा हिस्सा भाजीच्या मळ्यांखाली होता, आणि शहरातल्या घोड्यांच्या लिदीवर ते मळे चालत. ताज्या लिदीचा जाड थर घालायचा, त्यावर मुरलेल्या खताची काळी माती पसरायची आणि रोपांवर घंटेच्या आकाराची काचेची झाकणे ठेवायची. खालून लीद तापत राही, वरून ऊन मिळे, आणि ऐन थंडीत कोवळी पालेभाजी बाजारात जाई. पुढे मोटारी आल्या आणि घोडे गेले, त्याच सुमारास जमिनीचे भाव चढले, आणि मळे नाहीसे झाले. खत आणि जमीन हे दोन्ही आधार एकदम सुटल्यावर कौशल्य असूनही ते मळेकरी टिकू शकले नाहीत.

आता थोडा हिशेब मांडतो. १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या एबेनेझर हॉवर्ड यांनी उद्यान-नगराची, म्हणजे भोवती शेतीचा पट्टा राखलेल्या छोट्या शहराची, कल्पना मांडली, तेव्हा एकूण ६,००० एकरांपैकी १,००० एकर वस्तीला आणि ५,००० एकर शेतीला दिले होते, आणि लोकसंख्या ३२,००० धरली होती. शेतीचे क्षेत्र म्हणजे सुमारे २,००० हेक्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी आणि फळे धरली, तर वर्षाला १४६ किलो होतात. हेक्टरी २५ टन उत्पन्न धरले, तर माणशी सुमारे ५८ चौरस मीटर आणि सगळ्या गावाला मिळून १९० हेक्टरांच्या आत जमीन लागते. म्हणजे भाजीची गरज पट्ट्याच्या दहाव्या हिश्श्यातच भागते. धान्याचे मात्र तसे नाही. माणशी वर्षाला १५० किलो आणि हेक्टरी ३ टन असा हिशेब केला, तरी १,६०० हेक्टर जमीन एकट्या धान्याला लागते, आणि चारा, डाळी, तेलबिया यांना जेमतेम जागा उरते. म्हणून शहर स्वतःचे सगळे अन्न पिकवील असे वचन कोणी देऊ नये. भाजी, फळे, अंडी, मासे आणि काही प्रमाणात दूध इतके म्हणणे प्रामाणिक ठरेल.

हाच हिशेब उलट बाजूने केला तेव्हा मी थक्क झालो. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे साडेचार किलो नत्र (नायट्रोजन) आणि अर्धा किलो स्फुरद (फॉस्फरस) बाहेर पडते. ३२,००० लोकांचे मिळून १४४ टन नत्र होते, आणि ते २,००० हेक्टरांवर वाटले तर हेक्टरी ७२ किलो पडते. साठवताना आणि पसरताना निम्मे उडून गेले असे मानले, तरी उरते ते टाकून देण्याजोगे नाही. जे गाव आपल्या पट्ट्यातून सगळे अन्न काढू शकत नाही, ते त्या पट्ट्याची खताची बरीचशी गरज भागवू शकते! आपल्या भाषेत मैल्याच्या खताला सोनखत हा शब्द पूर्वीपासून आहे, तो उगाच पडलेला नाही. हॉवर्ड यांच्या मांडणीतही गावातली घाण शेतपट्ट्यात वापरण्याची तरतूद होती. पुढच्या अनुकरणांनी बागा आणि रुंद रस्ते घेतले, ही तरतूद गाळली.

चालू असलेले उदाहरण म्हणून कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीकडे पाहावे. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या क्षेत्रात शहराचे सांडपाणी कालव्यांनी उथळ तळ्यांत सोडले जाते. तिथे उन्हाने शेवाळ वाढते, शेवाळावर मासे वाढतात, आणि तळ्यांतून बाहेर पडणारे पाणी भातशेतीला जाते. जुन्या कचराभूमीवर भाजी पिकते. तळ्याच्या काठाला बांबूच्या आधाराने जलपर्णीची एक पट्टी मुद्दाम राखलेली असते, कारण तिच्यामुळे लाटांचा मारा अडतो आणि मातीचा बांध ढासळत नाही. इतरत्र उपद्रवी ठरलेली वनस्पती तिथे बांधाची रखवालदार आहे. कोळी आणि शेतकरी यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली ही व्यवस्था ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने अभ्यासून जगापुढे आणली, आणि २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तरीही तिथल्या जमिनीवर बांधकामाचा दाब कायम आहे, आणि १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने बंधने घातली नसती तर आज त्यातले किती उरले असते, असा प्रश्न पडतो.

इथे दुसरा मुद्दा येतो. इंग्लंडमध्ये १९०३ मध्ये स्थापन झालेल्या लेचवर्थ या पहिल्या उद्यान-नगरात जमीन एका कंपनीच्या नावावर ठेवली, भागधारकांचा लाभांश ५ टक्क्यांवर बांधला आणि बाकीची वाढ गावाच्या कामी यावी असे ठरवले. १९६० च्या सुमारास बाहेरच्या गुंतवणूकदारांनी भाग विकत घेऊन कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, संसदेने १९६२ मध्ये स्वतंत्र कायदा केला, जमीन सार्वजनिक महामंडळाकडे गेली, आणि १९९५ पासून ती एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे. तिथला शेतपट्टा शाबूत राहण्यात या मालकीचा वाटा आराखड्यातल्या रेषांपेक्षा मोठा आहे, असे मी मानतो.

आपल्यापैकी जे सांडपाणी, नगररचना किंवा प्रत्यक्ष शेतीचे काम करतात, त्यांनी या मांडणीतल्या उणिवा दाखवाव्यात, अशी विनंती आहे.

प्रतिसाद: निचरा

मी मलजल शुद्धीकरणाच्या कामात आहे. आपला नत्राचा हिशेब बरोबर आहे, पण हे नत्र आमच्यापर्यंत ज्या रूपात येते ते पाहिले तर आपला उत्साह थोडा आवरावा लागेल. घरातल्या मैल्यात न्हाणीघराचे, धुण्याचे आणि स्वयंपाकघराचे पाणी मिसळते, रस्त्यावरचे पावसाचे पाणी मिसळते, आणि त्याच वाहिनीला एखादा धातूला मुलामा देण्याचा किंवा चामडे कमावण्याचा कारखाना जोडलेला असेल तर कॅडमियम, क्रोमियम, शिसे येते. जंतू उष्णतेने आणि काळाने मरतात, पण जड धातू मरत नाहीत; ते गाळात साठतात, गाळातून मातीत जातात आणि पालेभाज्या त्यांतले काही उचलतात. एकदा मातीत गेलेले शिसे काढून घेण्याचा स्वस्त मार्ग नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की नव्या शहरात वाहिन्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या असाव्यात. माणसाचे मूत्र वर्षाला ५०० लिटरांच्या आसपास असते आणि मलमूत्रातल्या नत्राचा फार मोठा भाग त्यात असतो, तर विष्ठा ५० किलोंच्या आसपास असते आणि रोगजंतूंचा मुख्य धोका तिच्यातून येतो. मूत्र उगमापाशीच वेगळे केले, तर थोड्या आकारमानात बरेचसे खत हाती येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते २० अंश सेल्सियसला किंवा त्याहून अधिक तापमानाला सहा महिने बंद टाकीत ठेवले, तर सगळ्या पिकांना वापरता येते. टाकी बंद असणे फार महत्त्वाचे, कारण झाकण उघडे राहिले की अमोनिया उडतो आणि आपण जपलेले नत्र हवेत जाते. त्या टाकीचे झाकण काढताच डोळे चुरचुरतात, ते त्यामुळेच. बांधून झालेल्या इमारतींत ही विभागणी करणे अतिशय खर्चिक असते. नळजोडणीचा नकाशा निघत असतानाच हा निर्णय व्हायला हवा, आणि सहा महिन्यांचा साठा मावेल इतकी टाक्यांची जागाही तेव्हाच राखायला हवी.

प्रतिसाद: बांधावरून

मी शहराला चिकटून असलेल्या शेतात तेवीस वर्षे राबते आहे. इथली चर्चा मनापासून वाचली. खत आणि मालकी हे दोन्ही मुद्दे मला पटतात, परंतु शेताला शहराचा शेजार कसा लागतो हे आराखडा काढणाऱ्यांना कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या वरच्या अंगाला वसाहत झाली तेव्हा रस्त्याचा भराव घालणाऱ्यांनी आमचा जुना चर बुजवला. त्यांच्या लेखी तो एक ओबडधोबड खड्डा होता. पहिल्या मोठ्या पावसात छपरांवरचे आणि फरशांवरचे सगळे पाणी खाली आले आणि शेतात उभे राहिले. पूर्वी पाऊस उघडल्यावर चार दिवसांत वापसा यायचा, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकायची; त्या वर्षी सतरा दिवस पाय रुतत होते, मुळ्या काळ्या पडून रोपे मुठीत येत होती, आणि पेरणीचा हंगाम हातून गेला. चर पुन्हा मोकळा करून मिळायला तीन वर्षे लागली. ज्या नकाशात शेत हिरव्या रंगाने दाखवले होते, त्याच नकाशात आमच्या चराची रेषा नव्हती.

शेजाऱ्यांशी भांडण नाही, पण गाऱ्हाणी दोन्हीकडून असतात. शेणखत पसरले की वासाची तक्रार येते, पहाटे मोटार लावली की आवाजाची, आणि फवारणीची तक्रार तर रास्तच आहे, कारण वारा फिरला की औषध त्यांच्या खिडक्यांत जाते. आमच्या बाजूने पाहिले तर भटकी कुत्री कोंबड्या नेतात, लोक मोकळी जागा समजून उभ्या पिकातून वाट पाडतात, आणि बांधापलीकडून प्लास्टिक उडून येते. घर आणि शेत यांच्यामध्ये उंच झुडपांची किंवा फळझाडांची रुंद पट्टी आणि एक फाटक असलेली गाडीवाट असेल, तर यातले निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत.

आणखी एक गोष्ट. आमची अर्धी जमीन खंडाने आहे आणि करार अकरा महिन्यांचा होतो. अकरा महिन्यांच्या जमिनीत कोणी फळझाड लावत नाही आणि कोणी गाडीभर खतही टाकत नाही, कारण खताचा खरा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो. तुम्ही शहराचे सगळे सोनखत आमच्या बांधावर आणून ठेवलेत, तरी पुढच्या वर्षी ती जमीन माझ्याकडे असेल की नाही हे ठाऊक नसताना मी ते मातीत घालणार नाही.

प्रतिसाद: उभा वाफा

दिव्यांखाली मजल्यांवर शेती केली, तर जमिनीचा आणि वासाचा प्रश्नच उरत नाही. या पर्यायाचा आपण विचार का केला नाही?

धागाकर्ता:

विचार केला होता. पालेभाजी आणि रोपे यांच्यासाठी ती पद्धत चालते, कारण त्यांत बहुतांश पाणीच असते आणि पीक थोड्या आठवड्यांत निघते. धान्य, डाळी किंवा तेलबिया यांच्यात जी ऊर्जा साठते ती सगळी विजेच्या दिव्यांतून द्यायची म्हटली, तर विजेचा खर्च धान्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. शिवाय अशी शेती शहराचा ओला कचरा आणि मैला पोटात घेत नाही. तिला विरघळणारी शुद्ध खते बाहेरून आणावी लागतात. माझा मूळ प्रश्न तिथे जागच्या जागी राहतो.

प्रतिसाद: चौकोनी कागद

मी नगररचनेचे काम करतो. चराचा प्रसंग वाचून अस्वस्थ झालो, कारण आमच्या नकाशांत समपातळी रेषा असतात, पण शेतातले पाट, चर आणि वाटा बहुधा नसतात, आणि त्या मोजून घेण्याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नसते.

मालकीच्या मुद्द्याला दोन पुरवण्या जोडतो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटीने १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकर, म्हणजे काउंटीचा साधारण तिसरा हिस्सा, शेतीसाठी राखून ठेवला आणि तिथे २५ एकरांत एकच घर अशी मर्यादा घातली. शेतकऱ्यांचे नुकसान भरून निघावे म्हणून त्यांना दर ५ एकरांमागे एक विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा हक्क, दिला, जो त्यांनी दाट वस्तीच्या भागात बांधकाम करणाऱ्यांना विकायचा. म्हणजे जमिनीची वाढलेली किंमत काही अंशी शेतकऱ्याला मिळते आणि जमीन शेतीतच राहते. अडचण अशी की हे हक्क विकत घेणारा दाट वस्तीचा भाग पुरेसा मोठा नसेल, तर हक्कांना भाव येत नाही. म्हणून घेणारा भाग आणि देणारा भाग एकाच आराखड्यात, एकाच वेळी ठरवावे लागतात.

दुसरे उदाहरण नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहराच्या ओस्टरवोल्ड भागाचे. सुमारे ४,३०० हेक्टरांवर १५,००० घरे येतील असे धरून तिथे घर बांधणाऱ्याने आपल्या भूखंडाचा साधारण अर्धा भाग अन्न पिकवण्यासाठी ठेवावा, रस्ता शेजाऱ्यांनी मिळून करावा आणि सांडपाणी जागीच शुद्ध करावे असा नियम झाला. स्वातंत्र्य मोठे होते आणि लोक उत्साहाने आले, पण घरोघरच्या शुद्धीकरणातून बाहेर पडणारे पाणी ठरलेल्या दर्जाचे नसे, आणि शेवटी सार्वजनिक वाहिनीकडे वळावे लागले. यातून मी एवढे घेतो की मैल्याचे काम एकेका घरावर सोपवता येत नाही. पाचशे-हजार घरांना मिळून एक केंद्र आणि तिथे पगारी, प्रशिक्षित माणूस असायला हवा. शेतीसाठी राखलेल्या भागाचेही तसेच आहे: नोकरी करणारे कुटुंब हौसेने दोन हंगाम वाफे करते आणि तिसऱ्या हंगामात तिथे गवत वाढते. पिकवणारा हा व्यवसायाने शेतकरी असावा आणि बाकीच्यांनी त्याचे ग्राहक व्हावे, ही विभागणी मला अधिक टिकाऊ वाटते.

धागाकर्ता:

‘बांधावरून’ ताई, तुमच्या प्रतिसादामुळे माझ्या मांडणीतली मोठी उणीव दिसली. मी मालकी म्हणताना जमीन कोणाच्या नावावर एवढाच विचार केला होता. कसणाऱ्याला किती वर्षांची शाश्वती आहे हा त्याच्या आतला प्रश्न मी सोडून दिला होता. जमीन सार्वजनिक प्रतिष्ठानाची असली, तरी करार अकरा महिन्यांचा असेल तर मातीच्या दृष्टीने काहीच बदलत नाही.

जपानने याचे एक उत्तर काढले आहे. तिथल्या मोठ्या महानगरांतल्या शेतजमिनींना १९९१ च्या कायदेबदलाने निवड दिली: किमान ५०० चौरस मीटर जमीन ३० वर्षे शेतीतच ठेवण्याचे बंधन घेतले तर कर शेतजमिनीच्या दराने, नाहीतर नागरी जमिनीच्या दराने. ती मुदत २०२२ मध्ये संपत आली तेव्हा एकदम पुष्कळ जमीन बांधकामाला खुली होईल अशी भीती होती, म्हणून त्याआधीच १० वर्षांच्या वाढीची सोय केली. २०१७ च्या बदलानंतर स्थानिक नियमाने ३०० चौरस मीटरांपर्यंतची जमीनही घेता येते आणि शेतावरच विक्री केंद्र किंवा उपाहारगृह चालवता येते. जमीन खासगी राहूनही ही व्यवस्था तग धरून आहे, याचे मला महत्त्व वाटते. तीस वर्षांनी सगळ्यांची एकदम संपणाऱ्या मुदतीचा धोकाही त्यातून कळतो.

निचरा यांच्या सूचनेवरून आखणीचा क्रम मी असा बदलतो. आधी जमिनीचे उतार, जुने चर आणि पाट मोजून नकाशावर आणायचे. वस्ती वरच्या, हलक्या मातीवर आणि शेत खालच्या, खोल मातीवर ठेवायचे, म्हणजे चांगली माती घरांखाली जाणार नाही आणि शुद्ध केलेले पाणी पंपाशिवाय शेताकडे वाहील. कारखान्यांची वाहिनी या प्रवाहाला कुठेही जोडायची नाही. पाऊसपाण्याची वाट वेगळी ठेवून तिच्यावर साठवण तळी घ्यायची, ज्यायोगे छपरांचे पाणी एकदम शेतात उतरणार नाही. वस्ती आणि शेत यांच्यामधल्या फळझाडांच्या पट्टीतच खत मुरवण्याचे ढीग आणि साठवण टाक्या बसू शकतील का, हे मला निचरा यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद: निचरा

टाक्या बसतील, कारण त्या जमिनीखाली आणि बंद असतात. ढिगांसाठी मात्र वाऱ्याची दिशा पाहावी लागेल. नीट केलेला ढीग आतून ५५ अंशांच्या पुढे तापतो. तो फोडताना फावड्याबरोबर वाफ वर येते आणि त्या वेळी वासही येतो. ढीग पालटण्याचे दिवस ठरवून घरांना आधी कळवले आणि ढीग वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवले, तर काम निभावते. कोरडा पालापाचोळा आणि काडीकचरा यांचा साठा हाताशी असणे त्याहून गरजेचे आहे, कारण नुसत्या ओल्या कचऱ्याचा ढीग बसतो, हवा कोंडते आणि तो सडू लागतो.

प्रतिसाद: बांधावरून

कराराविषयी एवढे सुचवते. मुदत किमान पंधरा वर्षांची असावी आणि नूतनीकरणाचा निर्णय शेवटच्या दिवशी न होता मुदत संपण्याच्या पाच वर्षे आधी व्हावा, म्हणजे शेवटच्या वर्षांत कसणारा जमीन ओरबाडणार नाही. कराराच्या आरंभी माती तपासावी, अखेरीस पुन्हा तपासावी, आणि तिचा कस वाढलेला असेल तर त्याचा मोबदला सोडून जाणाऱ्याला मिळावा. आमच्या चरासारख्या वाटा करारपत्राच्या नकाशात लांबी-रुंदीसह लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या बुजवल्या तर किती दिवसांत कोणी मोकळ्या करून द्यायच्या हेही त्याच कागदावर असावे.